बारीक भोक

शाळेच्या डायरीत आईचं तिरकं अक्षर:
चि. निरंजनच्या हृदयाला बारीक भोक आहे.
कृपया त्यास पळवू नये.

ढमढेरे सरांनी पळवलं नाही.
पाचवी ते दहावी मैदानाच्या कडेला बसून
मी पोरांची घड्याळं आणि चष्मे सांभाळले.
खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.
इतक्या मनगटांची ऊब एकट्याच्या मांडीत.

भोक केवढं, हे कधी विचारलं नाही.
एरवी ते साबुदाण्याएवढं असे,
परीक्षेच्या दिवसांत लिंबाएवढं.
रात्री आई दार न वाजवता येई,
नाकाखाली बोट धरून बघे.
मी जागाच असायचो.
तिला कळेल असा, नीट, श्वास घेऊन दाखवायचो.

सिंहगडाची सहल, पानशेतचं शिबिर,
पुढे बंगलोरची नोकरी,
सगळं त्या भोकातून गळून गेलं.
वृंदासुद्धा.
ती घरी आली तेव्हा आईनं शिकरण केलं होतं.
वाढता वाढता अगदी मायेनं म्हणाली,
"त्याला दगदग चालत नाही गं.
तू चांगली मुलगी आहेस, म्हणून सांगून ठेवते."
वृंदानं शिकरण संपवलं,
वाटी विसळून पालथी घातली, आणि गेली.

परवा ऑफिसनं सगळ्यांच्या तपासण्या करवल्या.
एरंडवण्यातली गार खोली, छातीवर गार जेल,
पडद्यावर करडी मूठ उघडमीट करणारी.
"भोक कुठाय?" मी विचारलं.
"कसलं भोक?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"असलं तर बुजलं असेल. किंवा नसेलच.
लहानपणचे काही कागद आहेत?"

कागद म्हणजे ती डायरी.

आईनं रिपोर्ट दोन्ही बाजूंनी वाचला,
मागची बाजू कोरी होती तरी.
घडी घालून वाण्याच्या यादीखाली ठेवला.
"मशीनच्याही चुका असतात," म्हणाली,
"दूध घे. साय काढलीये."
मला ओरडायचं होतं.
पण ओरडायला छातीत जोर लागतो,
आणि तो मी इतकी वर्षं
जपून ठेवला होता.
दूध प्यालो.

आज रविवार. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी
वेताळ टेकडी चढलो, कुठेही न थांबता.
सत्तरीचे एक गृहस्थ मला मागे टाकून गेले,
कुत्र्यासकट.
वर पोचलो तर छाती धडधडत होती.
सगळ्यांचीच धडधडते म्हणे.
तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

"कुठेयस? वारा ऐकू येतोय."
"टेकडीवर."
ती काही बोलेना. मग,
"मध्ये थांबलास ना रे?"
"थांबलो," मी म्हणालो.

फोन ठेवला.
अर्धी टेकडी खाली उतरून आलो,
एक बरासा दगड बघितला
आणि घड्याळ लावून
दहा मिनिटं थांबलो.