एक ते दहा

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर
कोवळ्या मिशीच्या डॉक्टरनं विचारलं,
मावशी, एक ते दहामध्ये किती दुखतंय?
खुब्यात रॉड होता, तरी मी हसले.
मी हजारात मोजणारी बाई.
पंचविसाचा एक कट्टा, असे चाळीस झाले की दिवस मावळतो.
एक ते दहा म्हणजे
चहा उतू जायच्या आधीच्या विड्या.

आमच्या घरात दुखण्याला नोप्पी म्हणतात.
त्याला ते काय सांगायचं. म्हटलं, नऊ लिही.

मग त्यानं नळीत काहीतरी सोडलं.

आधी जिभेवर पितळेची चव.
मग मानेमागून कोणीतरी चादर पांघरली,
कोरी, जाड, घडी न मोडलेली.
भूमय्यानं बावीस वर्षं तसल्या चादरी विणल्या,
आमच्या अंगावर कायम सेकंड माल.
आणि आवाज गेला.
दाजी पेठेत लाइट गेली की
सगळे माग एका दमात थांबतात ना, तसा.
एरवी त्या शांततेत मजुरी बुडते
म्हणून ती कधी कानभरून ऐकलीच नव्हती.
खुबा गेला, पाठ गेली,
भूमय्याचं शेवटचं वर्षही
कुठंतरी बाजूच्या खाटेवर जाऊन झोपलं.

घरी आले ती दहाची पट्टी घेऊन.
सकाळी एक, रात्री एक.
मग दुपारी पण एक, कारण दुपार मोठी असते.
टाके सुकले. काठी सुटली.
खुब्यानं दुखायचं सोडलं
तेव्हा मी त्याला दुखायला लावलं.
रात्रभर मुद्दाम त्याच कुशीवर झोपायची,
सकाळी खोटं बोलावं लागू नये म्हणून.

चिठ्ठीवरची तारीख मी पेननं गिरवली. तिनाचा आठ झाला.
अशोक चौकातल्या पोरानं दोनदा दिली,
तिसऱ्यांदा म्हणाला, मावशी, नवी चिठ्ठी आणा.
मग कन्ना चौक. मग साखर पेठ.
लंगडत नव्हते, पण दुकान दिसलं की लंगडायची.

चार दिवसांनी पाणी येतं.
त्या पहाटे माझी पाळी होती नळावर.
डोळे उघडे होते, नळाचा सूं सूं ऐकू येत होता,
फार लांबून, दुसऱ्याच कोणाच्या अंगणातून.
उठले नाही.
अनसूया रिकामे घागर-बॅरल बघून
एक शब्द बोलली नाही.
लेकराला कडेवर घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली मागायला.
सुनेनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारखान्यात माझी छाट वाढली.
चेकर विड्या सुपात फेकत म्हणाला,
सैल वळायला लागलीस, तंबाखू खातेस की काय?
मी कधी चिमूटभर तोंडात टाकली नाही.
आयुष्यभर दुसऱ्यांची तलफ वळली,
दोरा बांधला, मोजून दिली,
ती कोणाच्या ओठाला लागते ते विचारलं नाही.
त्या दिवशी परत येताना टपरीवर
एक म्हातारा खिसे चाचपत उभा होता.
तो कुठला खिसा आधी चाचपणार
ते मला अगोदरच कळलं.

मे महिना, चव्वेचाळीस डिग्री,
आणि मी तीन चादरींत कुडकुडते.
पायांत मुंग्या, नाकाला धार,
हाडं कोणीतरी आतून खरवडतंय.
अनसूया पान कापायच्या कात्रीनं गोळी अर्धी करते,
डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं,
पुढच्या आठवड्यात पाव.
कात्रीतून पडलेली भुकटी
मी बोटानं टिपली. तिनं पाहिलं.
माझं बोट तिनं पदरानं पुसलं,
लेकराचं पुसतात तसं.

आता ऑगस्ट. गोळी नाही.
खुब्याचं म्हणाल तर दोन, पावसाळी हवेत तीन.

काल दुपारी लाइट गेली.
पेठेतले सगळे माग एका दमात थांबले.
जिभेवर पितळ आलं.
सूप मांडीवर, पान हातात, तशीच बसले,
कोणाचा तरी माग आधी सुरू होऊ दे म्हणत.
हात चालूच होते.
तेवीस, चोवीस, पंचवीस,
दोरा घ्यायचा राहिला,
सव्वीस, सत्तावीस.