राखाडी

इंद्रायणी धुरूंचा नियम एकच :
सापडलं ते रंगीत, अंदाज राखाडी.
म्हणून माझ्या पडद्यावर माहीमचं राजघर
जवळजवळ सगळं राखाडी आहे,
त्यात कुठे कुठे तिळाएवढे
विटकरी, काळे, शेवाळी ठिपके.

ठिपके मोजून सांगतो.
विहिरीच्या गाळातली दीड वीट.
निळ्या झिलईची अकरा खापरं, समुद्रापलीकडची.
गटार खणताना निघालेली जोत्याची सात हात ओळ,
पालिकेने शुक्रवारी दाखवली
आणि सोमवारी काँक्रीटखाली घातली.
एक गद्धेगाळ, त्यावर शेंदराचा एवढा थर
की लेझरला गाढव दिसेना,
नुसते वर चंद्र, सूर्य, आणि त्यांच्यामध्ये
कुणीतरी चिकटवलेला रुपया.

एवढ्यावर राजधानी उभी करायची.
मुदत मार्गशीर्ष अखेर.

आधी पाणी सोडलं.
सॉफ्टवेअर विचारतं, समुद्र कुठवर?
बाईंनी दिलेला आकडा टाकला
तशी खाडी गुपचूप आत आली,
शाळा घेतली, पेट्रोलपंप घेतला,
धारावीच्या कडेने वळसा घालून
आमच्या ऑफिसपाशी थांबली.
मी बसलो होतो ती खुर्ची
भरतीला पुरुषभर पाण्याखाली.
चहा मागवला.
काम चालू ठेवलं.

संग्रहालयाचे दिघे म्हणाले, छान, पण सिंहासन कुठाय?
मुलं आल्या आल्या सिंहासन शोधतात.
बाई म्हणाल्या, सापडलं नाही.
मग राखाडी दाखवा.
बाई चष्मा पुसत राहिल्या.
त्या रात्री मी राखाडी सिंहासन केलं,
पाय चार की सिंहाचे, ठरेना,
पहाटे पुसून टाकलं.
खोलीच्या मधे आता नुसती जागा आहे
आणि तिच्यावर वरून पडणारा उजेड,
तोही अंदाजाने.

शेवटचा पुरावा कोळीवाड्यात,
चांगुणा तांडेलच्या मोरीत.
कपडे धुवायचा दगड.
साबणाचा फेस बाजूला सारून
कडेशी वाकलो तर दोन कीर्तिमुखं,
एक शाबूत, एकाचं नाक गेलेलं,
डोळे मात्र दोघांचेही बटबटीत.
एवढा उंबरठा कुणाच्या घराला नसतो.
धुरूबाई ओल्यातच बसल्या, साडीसकट.

मी वरच्या खळग्यावर हात ठेवला,
म्हटलं, बघा झीज!
किती सरदार, किती सावकार,
किती अर्जदार इथून आत गेले असतील...
चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून हसली.
"यो खड्डा राजाचा नाय रं.
माजे सासूचा, न् माजा.
गोधड्या आपटून आपटून झायला."

सगळं स्कॅन केलं. नळ बंद करून, एकोणऐंशी फोटो.
पडद्यावर दगड आला, गरगर फिरवला.
राजाच्या काळात जायचं तर खळगा नको.
त्याला बटण आहे.
दाबलं,
दगड सपाट.
सासू-सुनेची सत्तर वर्षं, निमिषही लागलं नाही.
आणि नियमाने ती भरलेली जागा राखाडी झाली,
म्हणजे : माहीत नाही.

अख्ख्या राजधानीत तेवढीच एक जागा
जिथे कोण होतं ते मला नावानिशी माहीत होतं.

मागे घेतलं.
खळगा ठेवला, रंगीत.
धुरूबाईंना सांगितलं नाही,
त्यांनी पाहिलं, आणि त्याही काही बोलल्या नाहीत.
अहवालात लिहिलं : झीज, उत्तरकालीन.

उद्घाटनाला मुलं गॉगल लावून
सपाट फरशीवर पाय उचलून उंबरठा ओलांडत होती.
चांगुणाबाई पाहुणी म्हणून आली, अंबाड्यावर अबोलीची वेणी.
तिला गॉगल बांधला.
खांबांकडे बघेना, उजेडाकडे बघेना,
नेमकी वाकली आणि हवेत हात फिरवला,
जिथे खळगा होता तिथेच, गोल.

मग इकडेतिकडे मान वळवली.
तिन्ही बाजूंना माझी खाडी, भरतीची,
चांदण्यात चमकणारी, आठवडाभर खपून केलेली.

"नल कुटं हाय?" तिनं विचारलं.