जव पिवळा पडण्याआधी

अकरा वर्षं मी याच शेतांवर औषध फवारलं.
विमानाचं नाव च्मेलाक, म्हणजे भुंगा,
आणि उडायचंही तसंच: घुमत, जड, पिकाला पोट घासत.
तेव्हा खाली बघायचं ते फक्त विजेच्या तारांसाठी.
तारा चुकल्या की दिवस पदरात पडला.

आता शेजारच्या सीटवर द्राहोमीरा बसते,
खिडकी वर बांधलेली, गळ्यात दोन कॅमेरे,
आणि मला सांगते, "वर. अजून वर.
उजवा पंख खाली. धर. तसाच धर."

जून. एप्रिलपासून थेंब नाही.
डिये नदी पात्राच्या एका कडेला अंग चोरून पडलेली.
गाव आभाळाला शिव्या घालतं,
ही बाई मात्र खुशीत. तिची सुगी आहे.
म्हणते, पाणी मुबलक असलं की जव सगळीकडे सारखाच हिरवा,
पोटातलं काही सांगत नाही.
तहान लागली की मुळं खाली उतरतात,
आणि जिथे कधीकाळी कुणी चर खणला होता,
जो पुढे गाळाने भरला, विसरला, नांगरला गेला,
तिथे त्यांना अजून ओल सापडते.
तिथला जव वीतभर उंच, चार दिवस जास्त हिरवा.
खाली दगड असला, भिंतीचा पाया असला,
की आधीच पिवळा, खुरटा.
चार दिवस. मग सगळंच पिवळं, मग कापणीयंत्र.

संध्याकाळी साडेसातला ऊन आडवं झालं
आणि ते वर आलं.
वर आलं म्हणजे काय, तिथेच होतं;
मी त्याच्यावरून शेकडो वेळा गेलो असेन.
एक वर्तुळ. आत दुसरं. चार दिशांना चार दारं.
खुंटीला दोरी बांधून काढावं इतकं नेमकं.
"साडेसहा हजार वर्षं!" ती इंजिनाच्या वरताण ओरडली,
"लोखंड नाही, काही नाही. हरणाच्या शिंगांनी खणलंय!"
मी मान डोलावली. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

वर्तुळाला तिरकी छेदत एक बारीक रेघ जात होती,
सरळ नाही; एका जागी कोपर मुडपल्यासारखी.
ते कोपर मला ठाऊक होतं.
तिथे नाशपतीचं झाड होतं, म्हणून बांध वळसा घ्यायचा.
शेजारच्या रेझेकने तो हातभर कोरला, यावरून
वडील त्याच्याशी एकोणीस वर्षं बोलले नाहीत.
मग बावन्न साली सहकारी शेतीचे ट्रॅक्टर आले,
आठवड्यात गावाचे सगळे बांध सपाट.
रेझेक आणि वडील, दोघांनी एकाच टेबलावर सही केली.
तेव्हाही बोलले नाहीत.

रेघेच्या अलीकडे, एकटाच,
एक लहानसा गर्द हिरवा चौकोन.

दुसऱ्या दिवशी फोटो तिच्या टेबलावर.
भिंग सरकवत ती थांबली. "आणि हे? झोपडी? थडगं?"
"घोडी," मी म्हणालो. "फुक्सा. तांबूस रंगाची.
सहकारी संस्थेची माणसं न्यायला येणार, त्याच्या आदल्या रात्री मेली.
मेली, असं वडिलांनी सांगितलं.
खड्डा मात्र दुपारपासूनच खणायला घेतला होता.
मी सहा वर्षांचा. कंदील धरायला नेलं होतं मला."

ती बराच वेळ भिंग पुसत राहिली.
मग चौकोनापाशी पेन्सिलीने लिहिलं: अलीकडचे.
खोडलं. तारीख विचारली.
मला महिना आठवेना.
जव गुडघ्याएवढा होता, म्हणालो. माझ्या तेव्हाच्या गुडघ्याएवढा.

गुरुवारी कापणी होती.
बुधवारी तिला काम नव्हतं. मी पदरचं पेट्रोल भरलं
आणि एकटाच गेलो.
सवयीने खाली उतरलो, भुंग्याच्या उंचीवर.
तिथून काही दिसत नाही.
नुसता जव,
आणि पुढे तारा.