हातचा

डिसेंबरात लिएपायात साडेतीनलाच दिवे लागतात.
टेबलावर तेवीस गृहपाठ.
तेवीसही देखणे:
समास सारखे, अपूर्णांकांच्या रेघा सरळ,
समाकलनाची चिन्हं
तलावातल्या हंसांच्या मानांसारखी.

पूर्वी अक्षरावरून कळायचं
पोराचा पाय कुठे घसरला.
खाडाखोड असायची,
शाईचा डाग,
एखाद्या क्षवर तीनदा गिरवलेला संशय.
आता चूकही इस्त्री करून येते.
राइव्हिसने शून्याने भागलंय,
पण किती सुबक!
लाल पेन उचलताना
क्षणभर माझाच धीर सुटतो.

दार्ता व्हीतोलाच्या कॅल्क्युलेटरचं
सातचं बटण मेलेलं आहे.
तो भावाकडून आला, भावाला मावसबहिणीकडून;
सात कुणाच्या हातून गेला
कुणी कबूल करत नाही.
सत्तावीस हवे असले की ती
अठ्ठावीस दाबते, वजा एक करते.
सत्त्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याऐंशी वजा अकरा.
परीक्षेत तिची बोटं
डबकी चुकवत जाणाऱ्या माणसासारखी चालतात.
मी म्हटलं, नवा घे.
म्हणाली, सवय झाली सर,
सातपाशी थांबावं लागतं,
तेवढाच विचार होतो.

काल रात्री अकराला तिचा निरोप:
पान जुळत नाही,
कुठेतरी कंस उघडा राहिलाय.
सोबत मूळ फाईल.

महिरपी कंसाचं असंच असतं.
एक दार उघडं टाकलं
की घरभर वारा,
आणि संगणक बोट दाखवतो
दोनशे चौदाव्या ओळीकडे,
जिचा बिचारीचा काहीच गुन्हा नसतो.
मी चहा ठेवला आणि पहिल्या ओळीपासून
डोळ्यांत तेल घालून निघालो.

टक्क्याची खूण केली
की ओळीतलं तिच्यापुढचं काही छापलं जात नाही.
सप्टेंबरात मीच शिकवलं होतं हे,
स्वतःसाठी टिपा लिहून ठेवा म्हणून.

% इथे एप्सिलॉनचा अर्धा का घेतला? विचारू नको, सरांना वाटेल एवढंही येत नाही
% ही पायरी पुस्तकाला पटली आहे, मला नाही
% आई रात्रपाळीला. रेनार्सला सूप गरम करून देणे
% रडून झालं. पुन्हा पहिल्यापासून
% उत्तर सात!! आणि हे मी कॅल्क्युलेटरशिवाय काढलं

चहा उतू गेला.

दुसऱ्याची वही उघडी दिसली
तर आपण नजर वळवतो.
पण मी तर कंस शोधायला बसलो होतो.
सापडला, एकसष्टाव्या ओळीत,
सुपाच्या बरोब्बर वर.
तिथून ती उठली असणार,
वाक्य अर्धं, भांडं चुलीवर,
आणि परत येऊन
पुढच्या ओळीपासून सुरू.

लहानपणी बेरीज करताना
हातचा एक आम्ही वर बारीक लिहायचो.
उत्तर आलं की बाई म्हणायच्या,
आता तो खोडा, घाण दिसतं.
मी खोडायचो.
खोडरबराखाली कागद पातळ व्हायचा,
आणि उजेडासमोर धरला
की तो एक दिसायचाच.

कंस बंद केला.
फाईल परत पाठवायच्या आधी
तिच्या पहिल्या टिपेखाली
मीही एक टक्का ठेवला:

% दोन चुका मिळून एका एप्सिलॉनमध्ये बसाव्यात म्हणून अर्धा. मलाही एकोणिसाव्या वर्षी कळलं नव्हतं. विचारत जा

आज सकाळी तिचा गृहपाठ आला,
चोविसावा, छापून, कोपऱ्यात टाचणी मारून.
समास सारखे.
उत्तर सात.
ती काही बोलली नाही,
मीही नाही.
खाली शहरातली एकुलती एक ट्राम
घंटा वाजवत वळली.

तिने ती ओळ ठेवली की काढून टाकली,
कागदावरून सांगता येत नाही.
मी पान खिडकीशी धरून पाहिलं.