तोर्मोदमामाची किल्ली

शनिवारी दिवे लागले की तोर्मोदमामा
चर्चमागच्या दोन झोपाळ्यांना साखळी घालायचा.
लुईस बेटावर रविवार म्हणजे शब्बाथ.
आम्ही पोरं कुंपणाला नाक लावून.
समुद्र तेवढा चालू.

सोमवारी त्याच्याकडे न्याहारीला
मेंढीच्या रक्ताचं काळं सॉसेज, लोण्यात परतलेलं.
एकदा घास तोंडात असतानाच विचारलं,
रक्त मोशेने मना केलंय ना?
ते जुनं, तो म्हणाला. कृपेने सुटलो आपण त्यातून.
आणि झोपाळे?
इफ्रिकमामीने बशीत आणखी एक काप टाकला,
म्हणजे गप्प बस.

मामा नोव्हेंबरात गेला.
त्याचा कोट माझ्याकडे आला :
बाहेरून लोकर, आतून तागाचं अस्तर,
तीही सरमिसळ मना आहे, पण ऊब छान देते.
खिशात किल्ली.

कुलूप गंजून कधीच गळालंय.
माझी मुलगी रविवारी झुलते,
भर उपासनेच्या वेळी,
मीच ढकलतो.
ती उंच गेली
की माझा हात आपोआप
खिशात जातो,
काना-मात्रा चाचपत.