अकर्मक

हल शहरात, वृद्धाश्रमाच्या सातव्या खोलीत
विनिफ्रेड ॲक्रॉइड, निवृत्त व्याकरणबाई,
उशी सारखी करणाऱ्या डाइनाला दटावायच्या:
"‘ले डाउन’ काय म्हणतेस? मी कोंबडी आहे?
ती अंडं घालते, ते ‘ले’. तू बशी मांडतेस, ते ‘ले’.
त्याला कर्म लागतं, पोरी.
मी नुसती आडवी होते. ‘लाय’. अकर्मक.
कालची ‘लाय’ मात्र ‘ले’ होते –
ते राहू दे आज, चहा आण."

डाइना हसायची. पुन्हा चुकायची,
कधी मुद्दाम.

मार्चात, खाऱ्या वाऱ्यात, चौघांनी
दोर ढिला करत करत
बाईंना खाली ठेवलं.
डाइनानं मनात क्रियापद तपासलं.

या खेपेला ‘ले’च बरोबर, बाई.
कर्म तुम्ही.