पाणसळ

एप्रिल सरत आला तरी मायनॉटमध्ये
कुंपणाच्या सावलीत बर्फ उरलेला,
काळपट, खडबडीत, संपत आलेल्या साबणासारखा.
डब्यावर लिहिलं होतं : दहा अंशांखाली रंग वाळत नाही.
मग मी रंगाचं नाव काढलं नाही,
नुसती घासत बसले.

चोवीस फुटी मोटरहोम, त्र्याहत्तर सालचं.
मिसेस ग्रोव्हेन गेल्यावर तिच्या जावयानं
'घेऊन जा एकदाचं' म्हणत गळ्यात मारलेलं.
आतलं स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलं आणि एक वळण :
तीन बर्नरची शेगडी, तिच्या पोटात ओव्हन,
कमरेएवढा फ्रिज,
आणि सगळ्यांचा रंग एकच,
शिळ्या मोहरीचा.

सिलिंडर बंद केला. नळी सोडवून तिच्या तोंडात बोळा कोंबला.
नॉब व्हिनेगरमध्ये टाकले.
ओव्हनच्या नॉबवरचे बाकी आकडे शाबूत,
फक्त साडेतीनशे पुसून गेलेला.
चाळीस वर्षं ही बाई
एकाच आचेवर सगळं भाजत आली होती तर.

एकशेवीसचा कागद, मग दोनशेवीसचा.
मोहरीखाली पांढरा, पांढऱ्याखाली विटकरी,
त्याखाली पत्रा, गार, गप्प.
नाकात मोहरी, भुवयांवर मोहरी.
कंपनीच्या बिल्ल्याभोवती निळी पट्टी चिकटवताना
श्वास रोखला मी,
लहानपणी एनारच्या बोटातलं कूस काढताना रोखायचे तसा.

फ्रिज मात्र गार होईना.
मागे ज्योत जळायची, आत दूध नासायचं.
दुकानातला हाल्वर म्हणाला,
'आतलं अमोनिया बसून राहिलंय एका जागी.
डोक्यावर उभा कर त्याला, रात्रभर.
एकटीला नाही झेपायचं हं.'

एकटीला नाही झेपायचं.
हे वाक्य मी चार दिवस पुढे ढकललं.

वडिलांची बोट मी एनारला न विचारता विकली,
त्याला सहा वर्षं झाली.
चर्चच्या पार्किंगमध्ये, हातात कॉफीचे कप,
दोघंही पातळी सोडून बोललो होतो.
त्यानंतर नाताळची कार्डं. त्यांवर नुसती सही.

तो आला. हातमोजे, दोन फळ्या,
आणि वडिलांची पाणसळ.
'कशी आहेस' नाही, काही नाही.
आत शिरून त्यानं ती सरळ जमिनीवर ठेवली.
बुडबुडा पळाला उजव्या टोकाला.
'गाडीच वाकडी उभी आहे तुझी,' तो म्हणाला,
'असला फ्रिज तिरका चालत नाही.'

म्हणजे महिनाभर मी
बिचाऱ्याला उगाच बोल लावत होते.

'मग उलटा नको करायला?'
'आलोच आहे, तर करू.'

मग ती उलथापालथ. दोन पावलांच्या जागेत
दोन साठी ओलांडलेली माणसं आणि एक फ्रिज.
'तुझ्याकडून उचल.' 'थांब, बोट.' 'आता.' 'हळू.'
सहा वर्षांत एवढे शब्द
आम्ही एकमेकांवर खर्च केले नव्हते.
उलटा झाल्यावर त्याच्या आत कुठंतरी
गुडगुडलं, बराच वेळ,
उपाशी पोटासारखं.
आम्ही दोघं कान लावून उभे.
तो हसला की खोकला, कळलं नाही.

मे महिन्यात पारा चढला. दोन हात दिले,
बदकाच्या अंड्याचा निळा.
एनार म्हणतो मोहरीच बरी होती.
फ्रिजच्या दाराची आतली कड तेवढी मी तशीच ठेवली,
त्याच्यासाठी नाही,
कागद संपला होता म्हणून.

पहिल्यांदा ओव्हन तापवला तेव्हा
नव्या रंगाचा असा उग्र वास सुटला
की मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.
हवेत गव्हाचं काही नव्हतं, फुलांचं काही नव्हतं,
नुसता रंग आणि डिझेल.

फळ्या डाव्या चाकांखाली आहेत अजून.
पाणसळ तो विसरून गेला, की ठेवून गेला,
मी विचारलेलं नाही.
रविवारी फोन येतो.
'गार होतोय?'
'होतोय.'
'बर्फ धरतो?'
'कडेला, थोडा.'